ओकोई नदीचें मोल

नदीच्या पाण्याची किंमत ठरविण्याची माणसाची रीत फार जुनी आहे. परंतु ती बहुतेक एकाच बाजूनें चालत आली आहे. पाणी शेतांत नेलें तर पिकावरून त्याचें मोल निघतें, गिरणीच्या चाकावर सोडलें तर दळणाच्या पोत्यांवरून निघतें, वीजघरांत नेलें तर तारेंतून गेलेल्या विजेवरून निघतें. म्हणजे पाणी नदींतून काढून अन्यत्र नेलें कीं त्यास किंमत येते. आणि नदींतच वाहूं दिलें तर तें 'वायां गेलें', असें आपली नेहमींची भाषाही सांगते. नुसतें खडकांवरून खळाळत जाणारें पाणी एखाद्या गांवाचें पोट भरूं शकेल, हा विचार शंभर वर्षांपूर्वींच्या अर्थशास्त्र्यास थट्टेचा वाटला असता. अमेरिकेंतील टेनेसी संस्थानाच्या आग्नेय कोपऱ्यांत ओकोई नांवाची एक नदी आहे. तिच्या बाबतींत ही थट्टा खरी ठरली. इतकेंच नव्हे, तर वाहत्या पाण्याची किंमत काय, हा प्रश्न तेथें राष्ट्राच्या कायदेमंडळापर्यंत गेला आणि त्याचें उत्तर डॉलरांच्या आंकड्यांत लिहून द्यावें लागलें.

ही नदी जॉर्जिया संस्थानाच्या डोंगरांत उगम पावते, आणि तेथें तिचें नांव टोकोआ असें आहे. उत्तरेकडे वाहत ती संस्थानाची सीमा ओलांडते व त्या सीमेवरच टोकोआची ओकोई होते. सीमेच्या अलीकडे मॅकेजव्हिल, पलीकडे कॉपरहिल. वस्तुतः एकच बाजारपेठ, परंतु तिच्यामधून दोन संस्थानांची रेघ गेलेली. ओकोई हें नांव चेरोकी भाषेंतलें. ती भाषा बोलणाऱ्या लोकांना १८३८ सालीं सरकारी सैन्यानें मिसिसिपी नदीपलीकडे हांकून लावलें. मागें राहिलीं तीं नद्यांचीं नांवें तेवढीं. कॉपरहिलच्या खालीं नदी एका अरुंद दरींत शिरते. थोड्या मैलांत पुष्कळ खालीं उतरावयाचें असल्यामुळें तेथें ती मोठमोठ्या धोंड्यांवर आपटत, फेंसाळत जाते. या उतारावरच तिचें पुढचें सारें भवितव्य ठरलें.

या खोऱ्याच्या पोटांत तांबें आहे असें १८४३ सालीं आढळून आलें; शोधणारे खरें पाहतां सोन्याच्या मागें होते. १८५० पासून खाणी रीतसर चालूं लागल्या, आणि १८५३ मध्यें नदीच्या दरींतून क्लीव्हलंड गांवापर्यंत मालाच्या गाड्यांसाठीं रस्ता तयार झाला. डकटाउन व कॉपरहिल हीं गांवें या तांब्याचींच लेकरें. पण येथलें तांबें निघतें तें गंधकासह, आणि तो गंधक काढून टाकण्याची त्या काळची रीत अघोरी होती. लांकडांच्या ओंडक्यांवर कच्च्या धातूच्या राशी रचावयाच्या, खालून आग लावावयाची, आणि त्या राशी कित्येक आठवडे उघड्यावर धुमसत ठेवावयाच्या! जंगल आधीं सरपणासाठीं पडलें. जें उरलें तें गंधकाच्या धुरानें करपलें. होतां होतां सुमारें पन्नास चौरस मैलांचा मुलूख उघडाबोडका झाला. पावसाळी पाण्यानें त्यावरची माती धुऊन नदींत नेली आणि तांबड्या घळींनीं चिरलेल्या टेकड्या तेवढ्या उरल्या. गंमत अशी कीं, पुढें या टेकड्यांवर झाडें लावण्याचे प्रयत्न सुरू झाले तेव्हां कांहीं जुन्या रहिवाशांस त्या तांबड्या माळाचाच अभिमान वाटत असे. त्यांच्या बापजाद्यांच्या कष्टांची ती खूण होती.

धुरानें संस्थानाची सीमा मानली नाहीं. शेजारच्या जॉर्जियांतील जंगलें व शेतें करपूं लागलीं तेव्हां त्या संस्थानानें तांब्याच्या कंपन्यांवर सर्वोच्च न्यायालयांत फिर्याद केली. १९०७ सालीं न्यायमूर्ति होम्स यांनीं निकाल दिला तो आजही कायद्याचे अभ्यासक वाचतात. आपल्या डोंगरांवर झाडें असावींत कीं नाहींत, आणि आपल्या प्रजेनें कोणत्या हवेंत श्वास घ्यावा, हें ठरविण्याचा अंतिम अधिकार त्या त्या संस्थानाचा आहे, असा त्याचा आशय. या सुमारास कंपन्या धूर आकाशांत सोडण्याऐवजीं कोंडून त्यापासून गंधकाम्ल काढूं लागल्या. आणि पाहतां पाहतां हें अम्ल तांब्याहूनही अधिक किफायतीचें ठरलें. साठ वर्षें जें विष म्हणून हवेंत सोडलें, तेंच विक्रीचा माल झालें.

मग पाण्याची पाळी आली. १९११ च्या अखेरीस एका खासगी वीज कंपनीनें दरीच्या तोंडाशीं पहिलें धरण पुरें केलें. त्याच्या वरच्या अंगास १९१३ मध्यें दुसरें पुरें झालें, आणि आपल्या कथेचें मर्म या दुसऱ्यांत आहे. हें धरण अगदीं ठेंगणें, अवघें तीस फूट उंचीचें. त्याचें काम पाणी साठविण्याचें नव्हतेंच. पाणी वळविण्याचें होतें. धरणापासून डोंगराच्या कडेकडेनें साडेचार मैलांहून लांब असा एक लांकडी पाट बांधण्यांत आला. नदी खालीं झपाट्यानें उतरत जाते, पाट मात्र जवळजवळ सपाटीनें जातो. त्यामुळें पाटाच्या टोंकाशीं पाणी नदीच्या कितीतरी वर, सुमारें अडीचशें फुटांवर असतें. तेथून तें नळांतून एकदम खालीं सोडून वीज काढावयाची. युक्ति मोठी नामी, यांत संशय नाहीं. परंतु तिचा दुसरा अर्थ असा कीं, धरणापासून वीजघरापर्यंत नदीच्या पात्रांत पाणीच राहिलें नाहीं. १९१३ पासून पुढें त्रेसष्ट वर्षें ओकोईचा हा भाग म्हणजे वाळत पडलेल्या धोंड्यांची रांग होती.

१९३३ सालीं रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी स्थापन झाली, आणि १९३९ मध्यें ओकोईवरचीं वीजघरें खासगी कंपनीकडून तिच्याकडे आलीं. या संस्थेचें नांव हिंदुस्थानांत अपरिचित नाहीं. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळांत मजूरमंत्री असतां दामोदर खोऱ्याच्या योजनेची आंखणी झाली ती याच संस्थेचा नमुना पुढें ठेवून, आणि १९४८ सालीं निघालेलें दामोदर खोरें महामंडळ ही तिचीच भारतीय बहीण होय. पूर आवरावे, नौका चालाव्या, स्वस्त वीज मिळावी, उजाड डोंगरांवर पुन्हां झाडें यावींत, असे तिचे हेतु. आणि कॉपरहिलच्या तांबड्या टेकड्यांवर तिनें खरोखरच लाखों रोपें लावलीं. १९४२ मध्यें तिनें वरच्या बाजूस तिसरें धरण बांधून तेथलेंही पाणी बोगद्यांतून नेलें. नदीच्या पात्रांत नुसतें खेळण्यासाठीं पाणी हवें, अशी मागणी कोणी करील, ही कल्पनाच त्या काळच्या योजनांत नव्हती. तीबद्दल त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. ज्या खोऱ्यांतील शेतकरी घासलेटच्या दिव्यावर रात्र काढीत होता, तेथें वीज हीच पहिली गरज होती.

पुढचा फेरा मात्र कोणाच्याही योजनेंत नव्हता. १९७६ च्या सप्टेंबरांत तो लांकडी पाट इतका जीर्ण झाल्याचें आढळलें कीं ऑथॉरिटीनें तो बंद केला. वीजघर थांबलें आणि पाणी, जाण्यास दुसरी वाट नसल्यामुळें, आपल्या जुन्या पात्रांत परत आलें. ही बातमी कयाक चालविणाऱ्या हौशी मंडळींत पसरण्यास वेळ लागला नाहीं. पांच मैलांत वीसांहून अधिक खळाळ, जवळून हमरस्ता, आणि ॲटलांटा व चॅटनूगा हीं शहरें मोटारीच्या टप्प्यांत; असा योग अमेरिकेच्या पूर्व भागांत विरळा. १९७७ पासून रबरी तराफ्यांतून गिऱ्हाइकांना भाड्यानें उतरविण्याचा धंदा सुरू झाला. खळाळांना नांवें पडलीं: कोठें टेबल सॉ, म्हणजे करवतीचें मेज, आणि अगदीं वीजघराच्या दाराशीं हेल होल, म्हणजे नरककुंड. थोड्याच वर्षांत येणाऱ्यांची संख्या हजारोंवर गेली. पोल्क परगण्याचा मोठा भाग राष्ट्रीय जंगलाखालीं. तेथें कर बसविण्याजोगी जमीन थोडी, आणि खाणींचे दिवस भरत आल्याचें सर्वांस दिसत होतें. अशा वेळीं रस्त्याच्या कडेला तराफ्यांचीं दुकानें, खानावळी, तंबूच्या जागा उभ्या राहूं लागल्या, तेव्हां नदी फुटक्या पाटामुळें का होईना, पण पोटाला देऊं लागली आहे हें लोकांच्या ध्यानांत आलें.

इकडे ऑथॉरिटी पाट पुन्हां बांधण्याच्या तयारीस लागली होती. त्यांत एक विचित्र भर पडली. १९७९ सालीं तें वीजकेंद्र ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादींत दाखल झालें, आणि पाट पुन्हां लांकडाचाच झाला. म्हणजे एका बाजूस मोडक्या पाटानें जगणारा नवा धंदा, आणि दुसऱ्या बाजूस तोच पाट जुना वारसा म्हणून मान्य झालेला! ऑथॉरिटीची भूमिका सरळ होती. आमचें उत्पन्न विजेचें; नदींत सोडलेलें पाणी म्हणजे बुडालेली वीज; तराफेवाल्यांच्या मौजेचा भार वीज वापरणाऱ्या सामान्य माणसानें कां सोसावा? उलट पक्षाचें म्हणणेंही तितकेंच सरळ होतें. पाट होण्यापूर्वीं नदी होती, ती लोकांची, तिच्यांत पाणी असावें यासाठीं पैसे मागणें म्हणजे घरमालकाकडूनच भाडें मागणें होय.

१९८३ च्या अखेरीस पाट पुन्हां चालू झाला. पण तोंपर्यंत तडजोड आकारास आली होती, आणि १९८४ पासून ती अंमलांत आली. वर्षांतून ११६ दिवस पाणी पाटांत न नेतां पात्रांत सोडावयाचें, आणि ही व्यवस्था ३५ वर्षें चालावयाची. बुडणाऱ्या विजेबद्दल अमेरिकेच्या काँग्रेसनें ७४ लाख डॉलर मंजूर केले, आणि ही रक्कम तराफेवाल्यांनीं प्रत्येक गिऱ्हाइकामागें ठराविक फी देऊन सरकारी खजिन्यांत परत भरावयाची. ढोबळ भागाकार केला तर वर्षाला सुमारें २ लाख ११ हजार डॉलर, आणि पाणी सोडण्याच्या प्रत्येक दिवसाला १,८०० डॉलरांच्या वर थोडें, असा हिशोब पडतो. एका नदीनें एक दिवस नदी असण्याचा हा भाव.

तडजोड वाईट होती असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. त्यांवाचून पात्र पुन्हां कोरडें पडलें असतें, आणि ११६ दिवस हे शून्य दिवसांपेक्षां केव्हांही बरे. तरीही तिच्यांत जें गृहीत धरलें गेलें तें नीट पाहण्याजोगें आहे. पाण्याचा मूळ धनी वीजघर आणि नदी ही त्याची कूळ, हें तत्त्व त्या करारानें न बोलतां मान्य केलें. १९१३ सालीं पाणी पात्रांतून काढलें तेव्हां मासे मारणाऱ्यास, कांठच्या रहिवाशास किंवा पुढें कधीं काळीं येणाऱ्या नावाड्यास कोणी नुकसानभरपाई दिली नव्हती. तें पाणी परत मागितलें तेव्हां मात्र भरपाईचा आंकडा पै-पैसह निघाला. जो आधीं मोजतो त्याचा हक्क आधीं सिद्ध होतो, असाच व्यवहार दिसतो.

यानंतर तीन वर्षांनीं, १९८७ सालीं, शेवटची खाण बंद झाली. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ ज्या धातूनें या गांवांना नांव, काम व विद्रूप दिलें, ती गेली. अम्लाचा कारखाना आणखी कांहीं वर्षें कसाबसा चालला. खाणींतून झिरपणारें पाणी मात्र थांबलें नाहीं. अम्ल आणि धातु घेऊन येणारे ओढे नदीस मिळतच राहिले, आणि त्यांच्या शुद्धीकरणाचा मोठा करार २००१ पर्यंत लांबला. तराफ्यांतून ओरडत जाणारे गिऱ्हाईक ज्या पाण्यानें भिजत होतें, त्यांत अनेक वर्षें मासा क्वचितच टिकत असे. या विरोधाचा उल्लेख पर्यटनाच्या जाहिरातींत अर्थातच सांपडणार नाहीं.

१९९६ सालीं ॲटलांटाचे ऑलिंपिक सामने झाले, तेव्हां कयाकच्या शर्यतींसाठीं ओकोईचा वरचा, तिसऱ्या धरणाखालचा कोरडा भाग निवडण्यांत आला. पात्र दगडांनीं अरुंद करून घेतलें आणि त्यांत धरणाचें पाणी सोडलें. त्या जुलै महिन्यांत मिखाल मार्तिकान या सतरा वर्षांच्या मुलानें तेथें सुवर्णपदक मिळविलें. स्वतंत्र स्लोव्हाकियाचें तें पहिलें ऑलिंपिक सुवर्ण. एका नव्या राष्ट्राच्या इतिहासांत टेनेसीच्या वाळलेल्या पात्राचें नांव असें जाऊन बसलें, ही घटना कोणत्या जमाखर्चांत धरावयाची?

जमाखर्चाची गोष्ट निघालीच आहे तर ती पुरी करूं. टेनेसी विद्यापीठानें या धंद्याची पाहणी केली, तींत सालोसाल सुमारें ४ कोटी ४० लाख डॉलरांची आर्थिक उलाढाल आणि सहाशेंवर नोकऱ्या या नदीमुळें होतात, असा अंदाज निघाला. तराफ्यांतून उतरणारांची संख्या वर्षाला दोन लाखांच्या आसपास. एका बाजूस बुडालेल्या विजेचे वर्षाला दोन-अडीच लाख डॉलर, आणि दुसऱ्या बाजूस चार कोटींच्या वर! हे दोन आंकडे शेजारीं मांडून नदीच्या कैवाऱ्यांनीं विजय पुकारावा, हें स्वाभाविक आहे. परंतु हे आंकडे एका जातीचे नाहींत. पहिला आंकडा निव्वळ तोट्याचा आहे; दुसरा खर्चाच्या एकंदर उलाढालीचा. त्यांत पेट्रोल आलें, जेवण आलें, मुक्काम आला. आणि त्यांतला पुष्कळसा पैसा त्या मालाबरोबर परगण्याबाहेरच परत गेला असला पाहिजे. शिवाय ॲटलांटाच्या माणसानें ओकोईवर शनिवार घालविला नसता तर तो पैसा त्यानें पुरून ठेवला असता असें नाहीं; दुसऱ्या एखाद्या डोंगरांत किंवा नाटकगृहांत उडविला असता. राष्ट्राच्या दृष्टीनें ही बरीचशी खिशाची अदलाबदल आहे. पोल्क परगण्याच्या दृष्टीनें मात्र ती खरी मिळकत आहे, कारण तो पैसा तेथें एरव्हीं आलाच नसता.

दुसरें असें कीं, खाणीची नोकरी आणि तराफ्यावरील वाटाड्याची नोकरी या दोन्ही 'एक नोकरी' म्हणून मोजल्या जातात. खाणकामगार बारा महिने कमावी, त्याच मजुरीवर घर बांधी, आणि त्याचीं फुफ्फुसें त्या घराची किंमत देत. वाटाड्या उन्हाळ्यापुरता येतो. पुष्कळदां तो विद्यार्थी असतो, आणि हिवाळा लागला कीं निघून जातो. तराफ्यांचीं दुकानें आहेत तींही बहुतेक हमरस्त्याच्या कडेला. तेथें दुपारीं न्हाऊन संध्याकाळीं शहरांत परतणारा पाहुणा खाणीच्या जुन्या गांवांत शिरेलच असें नाहीं. तेव्हां नदीनें खाणीची जागा भरून काढली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. तिनें एक निराळी, हंगामी, पण न विटणारी मिळकत दिली, आणि ती अशा वेळीं दिली कीं दुसरें कांहीं हातांत नव्हतें. तांबें एकदां काढलें कीं संपतें. आणि पंचवीस मेगॅवॉटच्या आंतली ती वीज कोठेंही निर्माण करतां येते; ती दरी दुसरीकडे बांधतां येत नाहीं. आंकड्यांच्या लढाईपेक्षां या साध्या गोष्टीचें वजन लेखकास अधिक वाटतें.

महाराष्ट्रांतील वाचकास हा प्रकार परका वाटूं नये. कोलाडजवळ कुंडलिका नदींत आज मुंबई-पुण्याचे लोक तराफ्यांतून उतरतात. तें पाणी बव्हंशीं कुंडलिकेचें नाहीं. तें मुळशीचें आहे. घाटमाथ्यावर मुळा नदी अडवून तिचें पाणी सह्याद्रीखालीं भिऱ्याच्या वीजघरांत आणलें गेलें, आणि १९२७ पासून तें वीज देऊन झाल्यावर कुंडलिकेंत पडतें. जें पाणी भीमा-कृष्णेच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास जावयाचें, तें अरबी समुद्रास जाऊं लागलें. या धरणासाठीं मुळशी पेट्यांतील मावळ्यांच्या जमिनी गेल्या, आणि १९२१ ते १९२४ या काळांत सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला. तेव्हांही एका पारड्यांत मुंबईच्या गिरण्यांची वीज होती, तिचा हिशोब चोख होता. दुसऱ्या पारड्यांत भातखाचरें, देवळें, पिढ्यानपिढ्यांचीं घरें होतीं, आणि त्यांपैकीं ज्याची किंमत मांडतां येत होती तेवढेंच मोजलें गेलें. ओकोईवर विजेनें पात्र कोरडें केलें, कुंडलिकेवर विजेनें तें भरलें. येथला तराफेवाला वीजघर बंद पडण्याची वाट पाहतो, तेथला तें चालू होण्याची वाट पाहतो, असा हा उलटा न्याय आहे. कोलाडच्या पाहुणचारावर जे रुपये मिळतात त्यांचें मूळ भांडवल कोणीं घातलें, हें पाहूं गेल्यास उत्तर घाटावर, पाण्याखालीं गेलेल्या गांवांत सांपडतें.

ओकोईचा ३५ वर्षांचा करार २०१९ च्या मार्चांत संपावयाचा होता. मुदत जवळ आली तशी धंदेवाल्यांची झोंप उडाली, कारण करार संपतांच पाण्यावरचा हक्कही संपत होता. या वेळीं वॉशिंग्टनकडे न जातां टेनेसी संस्थानानेंच पुढाकार घेतला. २०१७ सालीं कायदा करून ओकोईच्या करमणुकीसाठीं व आर्थिक उन्नतीसाठीं निराळा निधि व मंडळ स्थापन झालें, आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या बुडीत विजेपोटीं ऑथॉरिटीस जवळजवळ १ कोटी २० लाख डॉलर देण्याचें ठरलें. वर्षाला आठ लाख. म्हणजे पहिल्या कराराच्या जवळजवळ चौपट. मधल्या काळांत डॉलर स्वस्त झाला हें खरें. तरीही ज्यास लाभ त्यानें किंमत द्यावी, या न्यायानें राष्ट्राऐवजीं संस्थानानें ती दिली, हें वर सांगितलेल्या खिशांच्या हिशोबाशीं जुळतें.

पाणी सोडण्याच्या तारखा आधींच छापून प्रसिद्ध होतात. ठरलेल्या दिवशीं सकाळीं पाटाकडे जाणारें पाणी अडविलें जातें आणि सेकंदास सुमारें १,२०० घनफूट पाणी दरींत उतरूं लागतें. कोरड्या धोंड्यांमधून त्याची पहिली लाट खालीं येईपर्यंत कांठावर तराफ्यांच्या रांगा लागलेल्या असतात. दिवस मावळण्यापूर्वीं शेवटचा तराफा नरककुंडावरून जाऊन वीजघरापाशीं कांठाला लागतो. मग पाणी पुन्हां त्या लांकडी पाटांत शिरतें, यंत्रें फिरूं लागतात, आणि रात्रीं पात्रांत ठिकठिकाणीं डबकीं तेवढीं उरतात.